सात दारं

"मेला तेव्हा तो कामावर नव्हता," भुजंगराव राजे म्हणाले. "सरकारी लाकूड मिळणार नाही."

समोर सगुणा उभी होती. तिचे वडील येसबा सोनवड्याच्या आगपहाऱ्यावर होते. आग लागली की पाण्याची पखाल पाठीवर घेऊन धावायचं, हे त्यांचं काम. कामावर असताना जो जाईल, त्याच्या चितेचं लाकूड सरकारानं द्यायचं, असा राजांच्या आजोबांपासूनचा नियम होता. पंधरा दिवसांपूर्वी सरकारी लाकूडवखार पेटली. येसबांनी पखालीमागून पखाल ओतून अर्धी वखार वाचवली. उरलेली अर्धी त्यांच्या अंगावर कोसळली.

"त्याचा पहारा सकाळी सुटला, आग लागली दुपारी," राजे म्हणाले. "मधल्या वेळात तो कुठे होता?"

"घरी जेवत होते, महाराज. दुसरी भाकरी तव्यावर होती."

"मग झालं तर! जेवणारा माणूस कामावर कसा?"

दिवाण त्र्यंबकपंतांनी मान डोलावली. राजे काहीही बोलले तरी ते डोलावतच.

"गावात विकायला लाकूड उरलं नव्हतं," सगुणा म्हणाली. "सहा शेजाऱ्यांनी घरांची दारं उतरवून दिली, तेव्हा चिता रचली. आता शेळ्या सरळ त्यांच्या चुलीपर्यंत जातात. दारांपुरतं लाकूड द्या. बाबांनी वाचवलेल्यातलंच द्या."

राजांना लाकडाचं काही नव्हतं. पण एकदा नाही म्हटलं की मागे फिरणं त्यांना जमत नसे.

"ठीक आहे. त्याला ताटावरून उठवून आगीत कुणी पाठवलं? ज्याच्याजवळ माझी मुद्रा आहे, असा हुकूम देणारा उद्या दुपारी मला दाखव. लाकूड तुझं."

असा माणूस नव्हताच. पंतांनी खुशीत मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी राजवाड्यापुढची आगीची घंटा घणघणू लागली.

पहाऱ्यावरचे दोघे पखाली घेऊन धावले. पाठोपाठ पहारा सुटलेले सहाजण आले. एकाची अर्धीच दाढी झाली होती, एक ओल्या पंच्यानिशी पळत होता. पंत आले ते एका पायात जोडा घालून. सगळ्यांच्या पुढे मात्र खुद्द राजे होते. डोक्याला पागोटं नाही, उजवा हात आमटीभातानं माखलेला.

घंटेखाली सगुणा उभी होती. बाजूला मूठभर गवत पेटलं होतं.

"आग कुठाय?" राजे धापा टाकत म्हणाले.

"ही काय, महाराज."

"खोटी घंटा वाजवणाऱ्याला शिक्षा काय, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. पण आग खरी आहे. हात लावून बघा."

एका पखालवाल्यानं सवयीनं पखाल ओतली. गवत विझलं, राजांचे पाय भिजले.

"महाराज, या आठांतले आत्ता पहाऱ्यावर किती?" सगुणानं विचारलं.

"दोघे."

"मग बाकीचे सहा का आले?"

"घंटा वाजली म्हणून!"

"आणि आपण? आपण तर जेवत होतात."

"घंटा वाजल्यावर ताटावर बसून राहील कोण?"

बोलून झालं आणि राजे आपल्या हाताकडे बघत राहिले. बोटांना अजून शितं चिकटलेली होती.

"हुकूम देणारा दाखव म्हणालात," सगुणानं वर बोट केलं. "ही टांगली आहे. हिनंच बाबांना उठवलं."

घंटेच्या पोटावर, ठसठशीत, राजांची मुद्रा होती.

राजे आधी गालात हसले, मग खदखदून.

"पंत, सहा दारं द्या. सागवानी. सुतारही आपलेच."

"सात, महाराज," सगुणा म्हणाली.

"काल सहा म्हणालीस!"

"ती शेजाऱ्यांची. सातवं आमचं. चितेत सगळ्यात खाली तेच ठेवलं होतं."

राजे पंतांकडे वळले.

"सात द्या," ते म्हणाले. "आणि लिहून घ्या, पंत. घंटा ऐकून जो उठला, तो उठल्यापासून कामावर."

"लिहितो. पण महाराज, ताट निवतंय. आधी जेवून घ्यावं."

"आधी दारं! जेवणारा माणूस कामावर नसतो, असं कालच कुणी शहाणा म्हणाला," राजे म्हणाले, आणि हसत हसत ओल्या पायांनी वखारीकडे निघाले.