हिंमतशेठचा पांढरा सदरा

कापड रंगवायच्या कारखान्याचे मालक हिंमतशेठ ग्रामसभेत गरजले, "ओढा लाल झालाय म्हणणाऱ्यांनी आधी डोळे तपासून घ्यावेत. आमचं पाणी स्वच्छच आहे!"

सगुणा परटीण भुईमुगाची टरफलं जाळून कोळसा करायची, त्यातून ओढ्याचं पाणी गाळायची आणि रंग उतरला की मगच कपडे धुवायची. शेठ तिलाही हसले, "कचऱ्यानं कुठं पाणी निवळतं होय?"

आठवड्यानं शेठना 'पर्यावरणमित्र' पुरस्कार मिळायचा होता. निघताना इस्त्रीचा पांढरा सदरा उलगडला, तर गुलाबी! शेठ तणतणत सगुणाच्या दारात.

"साऱ्या गावाचे कपडे पांढरेशुभ्र, माझाच सदरा असा का?"

"गावाचे कपडे कचऱ्यातून गाळलेल्या पाण्यात धुते, शेठ. तुमचा मात्र मानानं तुमच्या स्वच्छ पाण्यात धुतला. आणि गुलाबी दिसतोय म्हणता? आधी डोळे तपासून घ्या."