कुलूपबंद स्फटिक

एकदा एक काळा स्फटिक एका शिष्येच्या जिवाला घोर लावून बसला. आकाराने मोहरीएवढा, काचेच्या बंद नळीत ठेवलेला. कार्बनच्या साठ अणूंचा पोकळ चेंडू म्हणजे फुलरीन. अशा असंख्य चेंडूंना दुसऱ्या एका रेणूकडून एकेक इलेक्ट्रॉन देववून तिने हा क्षार घडवला होता. अतिशीत केल्यावर त्याच्यात चुंबकत्व जागावे, एवढ्यावर तिचा पाच वर्षांचा प्रबंध टांगलेला. आधीचे सहा स्फटिक हवा लागून वाया गेले होते. म्हणून हा सातवा तयार होताच तिने शीतपेटीत ठेवला, पेटीला कुलूप घातले आणि किल्ली गळ्यात अडकवली.

मोजणीच्या दिवशी मात्र पडद्यावरची रेषा सपाटच राहिली. यंत्र थंड ठेवणारे द्रवरूप हेलियम आणखी एकच दिवस पुरणार होते आणि प्रबंध महिनाअखेर द्यायचा होता. ती नळी घेऊन आपल्या आचार्यांकडे गेली.

वृद्ध आचार्यांनी नळी उजेडात धरून पाहिली. कधी बनवलास, कुठे ठेवलास, एवढेच विचारले आणि नळी सरळ तापवायच्या पेटीत ठेवून दिली.

"सर, एकच उरलाय हो." ती म्हणाली. "उष्णतेनं बिघडला तर?"

"साठ अंश आहेत. आपला चहा याहून गरम असतो. उद्या दुपारपर्यंत पेटी उघडायची नाही. आणि तू जेवून घे."

ती जेवली नाही. संध्याकाळपर्यंत पेटीसमोर बसून राहिली. कितीदा तरी तिचा हात पेटीच्या मुठीपर्यंत जाऊन मागे आला. आचार्यांना वयोमानाने काही सुचेनासे झाले असावे, असेही तिच्या मनात येऊन गेले आणि त्याची तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी नळी पुन्हा यंत्रात गेली. तापमान उतरत गेले, रेषा हलेना. तिने डोळे मिटून घेतले.

"बघ," आचार्य म्हणाले.

केवल शून्य, म्हणजे थंडीची शेवटची हद्द, गाठायला सोळा अंश उरले होते आणि रेषा चढत होती.

"घडवण्यात तुझं काही चुकलंच नव्हतं," ते म्हणाले. "नव्या स्फटिकात हे चेंडू कसेही तोंड करून असतात, शेजाऱ्याशी त्यांचं जुळत नाही. थोडी ऊब आणि वेळ मिळाला, की फिरून नीट बसतात. रचना अशी बसली, की मगच थंडीत चुंबकत्व येतं. तू धास्तीपोटी त्यांना जन्मल्याबरोबर गारठवलंस. बिघडू दिलं नाहीस, हे खरं. पण घडूही दिलं नाहीस."

शिष्येने गळ्यातली किल्ली काढून मेजावर ठेवली. पुढे आठवा स्फटिक तयार झाला तेव्हा तो उबेच्या पेटीत ठेवून ती आपला डबा घेऊन जेवायला गेली.

ज्याची आपल्याला फार काळजी वाटते, त्याला आपण कोणत्या पेटीत ठेवले आहे, हे अधूनमधून पाहावे.