सातवा घास कारल्याचा

एका मळ्याच्या कडेला इवलंसं घर होतं. घरात सगुणा, तिचे आईबाबा आणि रोज तीन भाकऱ्या. चौथीपुरतं पीठ कधीच नसायचं. मळ्यात राबल्याबद्दल भाजी मात्र टोपलीभर मिळायची.

सगुणा मोठी मायाळू. वाटेत गोगलगाय दिसली तर उचलून गवतात ठेवायची. पण भाजी दिसली की तोंड मिटायची. उंबऱ्यावर एकटी बसून दूध-भाकरी खायची आणि खेळायला पळायची. आपल्यामागे घरात कोण काय जेवतं, हे तिला ठाऊक नव्हतं. मायाळू माणसांनाही सगळं दिसतंच असं नाही.

एका सकाळी कारल्याच्या वेलावर, पिवळ्याधमक फुलात, तिला बोटाएवढी परी दिसली. पंख चांदीचे, पण विझत चाललेले. परी म्हणाली, आम्ही चवीच्या गोष्टी ऐकून उजळतो, आणि या मळ्यात सगळे निमूट जेवतात. सगुणाला फार वाईट वाटलं. मी सांगेन, ती म्हणाली.

"मग माझे नियम ऐक," परी म्हणाली. "रोज एका नव्या भाजीचा एकच घास. सगळ्यांबरोबर बसून खायचा. छान म्हणायचं नाही, शी म्हणायचं नाही. कसं लागलं ते खरं सांगायचं. सात घास झाले की तुझी एक इच्छा पुरी करीन."

त्या दुपारी सगुणा आईबाबांच्या शेजारी जेवायला बसली. आईने काही न विचारता भोपळ्याची एक फोड वाढली. जेवून सगुणा वेलापाशी धावली. भोपळा गोड असतो, पण जिभेवर बसूनच राहतो, तिने सांगितलं. परीच्या पंखांना केशरी कड आली. मेथीने हिरवी आली, वांग्याने जांभळी. एका घासाचे चार-पाच कधी झाले, सगुणाला कळलंच नाही.

पण शेजारी बसल्यावर एक गोष्ट दिसली. बाबांच्या ताटात एक भाकरी, तिच्या ताटात दीड आणि आईच्या ताटात अर्धी. तिने विचारलं तेव्हा आई म्हणाली, "तू भाजी खात नव्हतीस ना, बाळा. तुझं पोट भाकरीनेच भरायचं." सगुणाने हातातला घास खाली ठेवला. त्यात भाजीचा काही दोष नव्हता.

सातव्या दिवशी कारलं होतं. आता सगुणाला ती इच्छा हवीच होती. कडू म्हटलं तर परी रुसेल, असं वाटून तिने सांगून टाकलं, कारलं गोड लागलं. पंखांवरचे सगळे रंग विझले. घाबरून ती घरात धावली, कारल्याचा आणखी एक घास नीट चावून खाल्ला, वर पाणी प्यायली आणि परत आली.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "कारलं कडू आहे. फार कडू. पण नंतर प्यायलेलं पाणी गोड लागतं."

सगळा वेल झगमगला. परीने विचारलं, काय हवं?

"आईला अख्खी भाकरी."

"ती तूच दिलीस," परी म्हणाली. "आज भाजीनेच पोट भरून तुझी अर्धी ताटात उरली ना? दारातून बघ." बाबा उठले होते, आई अजून जेवत होती. तिच्या ताटात दोन अर्ध्या होत्या. सगुणाला रडू आलं.

डोळे पुसून ती म्हणाली, "मग आमच्याकडे कुणी आलं, तर त्यालाही अख्खी मिळू दे."

परी हसली. लख्ख उजेड झाला आणि फुलात नुसता सोनेरी थेंब उरला.

तेव्हापासून त्या घरच्या टोपल्यात पाहुण्यापुरती एक भाकरी नेहमी जास्त निघते. कारलं मात्र अजून कडूच आहे, आणि सगुणा ते दोनदा मागून घेते.