सगुणाबाईचा घास

या, आत या. पण जरा खाली बघून चाला, फरशी उंचसखल आहे, मागच्या वर्षी एका साहेबांचा पाय मुरगळला होता. मला इथं सगळे तबीथाकाकू म्हणतात. वेदीवरची कापडं धुवायचं आणि पाहुण्यांना चर्च दाखवायचं काम माझ्याकडे. बोलते जास्त, ते सांभाळून घ्या.

पिंपळझरीचं हे लुथरन चर्च बघायला येणारे आधी रंगीत काचा बघतात. मग कुणीतरी विचारतंच, "काकू, या कठड्याला फाटक कुठाय?" नाहीच आहे बाप्पा फाटक. वेदीपुढचा हा अर्धगोल लाकडी कठडा. इथं गुडघे टेकून आम्ही प्रभुभोजन घेतो, भाकर आणि द्राक्षारस. दुसरीकडे याला मधोमध वाट असते, पाद्रीसाहेबांना जा-ये करायला. आमच्याकडे ती बुजवलेली आहे, तो मधला काळपट तुकडा दिसतोय ना, तिथं. आमच्या पाळकांना खालून वाकून आत जावं लागतं. आताचे पाळक अंगानं चांगले भरलेले आहेत. ते वाकले की पोरं तोंडावर हात धरून हसतात, आणि खोटं कशाला बोलू, मीही हसते.

पण या तुकड्यामागची गोष्ट हसण्यासारखी नाही. माझा आजा लहान होता तेव्हाची ती, असं सांगतात.

तेव्हा इथं सगुणाबाई नावाची विधवा राहायची. किती नवसासायासानं तिला एक मूल झालं होतं. देवाकडे मागून घेतलेलं म्हणून नाव ठेवलं शमुवेल. मुलगा म्हणून वाढवलं, पण त्या लेकराचा जीव मुलगेपणात कधी रमला नाही म्हणे. आईचं लुगडं नेसून विहिरीवर जायचं आणि मार खाऊन परत यायचं. मोठं झाल्यावर एक दिवस गाव सोडून गेलं. जंक्शनच्या गावी तृतीयपंथी लोकांची वस्ती होती, तिथं राहिलं. तिथं तिनं आपलं नाव सलोमी ठेवलं. मीही आता तिला सलोमीच म्हणते, कारण तेच तिचं नाव.

पुढे एका नाताळाला सलोमी परत आली. धुतलेली पांढरी साडी, डोक्यावर पदर, प्रभुभोजनाला. त्या काळी इथं बायका डावीकडे बसायच्या आणि पुरुष उजवीकडे. कठड्याशीही तसंच, मधल्या वाटेच्या अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. सलोमी डावीकडे वळली तशी बायकांनी बाकावर पसरून जागा भरून टाकली. उजवीकडे बघितलं तर पुरुष खाकरायला लागले. ती मध्ये उभी राहिली.

पाद्री होते यिर्मया खंडारे. माणूस वाईट नव्हता हो. कृपा कमवावी लागत नाही, ती नुसती हात पुढे करून घ्यायची असते, हे दर रविवारी घसा फोडून सांगणारा माणूस. पण त्या दिवशी त्यांना रांग मोडायची भीती वाटली. ते म्हणाले, "बाळ, आधी कुठल्या बाजूचा ते ठरव, मग ये. भाकर काही पळून जात नाही."

सलोमीनं आईकडे बघितलं. आणि सगुणाबाईनं, असं सांगतात, मान खाली घातली. माझ्याजवळ ये, बस, एवढं तिच्या तोंडून निघालं नाही. वर बघेपर्यंत सलोमी गेलेली होती.

पुढच्या प्रभुभोजनाला सगुणाबाई उठली ती बायकांच्या बाजूला गेलीच नाही. नेमकी मधल्या वाटेत, उघड्या फरशीवर गुडघे टेकून बसली. पाद्रीसाहेबांनी भाकर पुढे केली तेव्हा तिनं हात मागे घेतले. "माझं लेकरू जेवल्यावर मी जेवीन," म्हणाली. "त्याच्या आधी मी घरी कधी जेवले नाही, इथं कशी जेवू?"

"सगुणाबाई, ही कृपा आहे. हिच्यावर रुसू नये."

"तुम्हीच सांगता ना, नुसता हात पुढे करायचा? माझ्या लेकरानं हात पुढे केला होता, साहेब. मीच मान खाली घातली."

तिला वळसा घालून, झगा आवळून पाद्रीसाहेब कसेबसे बाहेर आले. त्यांना वाटलं, म्हातारी दोन-चार रविवारांत निवळेल. कसली निवळते! वर्षामागून वर्षं गेली. ती यायची, मध्ये बसायची, भाकरीकडे डोळे भरून बघायची आणि तशीच उठून जायची. त्या घासासाठी तिचा जीव किती तळमळायचा ते तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. माझी पणजी सांगायची म्हणे, तिच्याशेजारी बसून भाकर घशाखाली उतरवणं अवघड जायचं. मंडळी चिडली, मग थकली, मग हळूहळू खजील झाली.

एका उन्हाळ्यात सगुणाबाईनं अंथरूण धरलं. रविवारी मधली वाट मोकळी होती. पाद्रीसाहेब भाकर घेऊन निघाले आणि वाटेपाशी थबकले. आता तर कुणी अडवायला नव्हतं, पण पाय उचलेना. भाकर वेदीवर ठेवून ते म्हणाले, "मंडळी, आज भोजन नाही. एका माणसाला मी दारातून परत पाठवलंय. त्याला आधी आणतो." आणि तशाच झग्यावर बैलगाडी जुंपायला सांगितली.

जंक्शनच्या गावी विचारत विचारत ते वस्तीत पोचले. तिथली म्होरकी, तिला ते गुरू म्हणतात, तिनं त्यांना चहा दिला, पण बसा म्हणाली नाही. सलोमीनं सगळं ऐकून घेतलं, आई इतकी वर्षं मध्ये बसून उपाशी उठते हेही. मग एवढंच विचारलं, "आले तर बसू कुठल्या बाजूला?"

"ते मला माहीत नाही," पाद्रीसाहेब म्हणाले. "तू चल. बाजूचं मी बघतो. माझं चुकलं, पोरी."

ती लगेच निघाली. गाडीत सारखी म्हणायची, हाका हो, जरा लवकर हाका. पण दुसऱ्या दिवशी गावच्या शिवेवर आले तर चर्चची घंटा ऐकू आली, एकेक ठोका थांबून थांबून. अशी घंटा कशासाठी वाजते ते या मंडळीतल्या लेकराला सांगावं लागत नाही. सगुणाबाई सकाळीच गेली होती.

माती देऊन झाल्यावर पाद्रीसाहेबांनी सुताराला बोलावलं. सगुणाबाईच्या खाटेचं लाकूड मागून घेतलं आणि मधली वाट कायमची बुजवून टाकली. मंडळीचे पंच म्हणाले, "साहेब, तुम्ही आत जाणार कसे?" ते म्हणाले, "वाकून जाईन. तेवढं मला शोभेल."

रविवारी सलोमी मधोमध गुडघे टेकून बसली. डावीकडून बायका सरकल्या, उजवीकडून पुरुष सरकले, पण या वेळी जवळ यायला. पाद्रीसाहेबांनी पहिली भाकर तिच्या हातावर ठेवली. तिनं मूठ मिटली. खाईना.

"आई उपाशी गेली," ती म्हणाली. "मी कशी खाऊ?"

पाद्रीसाहेब कठड्याच्या आतल्या अंगाला, तिच्या समोर गुडघ्यांवर बसले. आमची लुथरन माणसं एक गोष्ट पूर्वीपासून मानतात. कठडा अर्धाच गोल असतो, कारण उरलेला अर्धा पलीकडे आहे. तिथं आपली गेलेली माणसं याच भोजनाला बसतात. तेच त्यांनी तिला सांगितलं. म्हणाले, "ती समोरच बसलीय गं. लेकरू जेवल्यावर जेवीन म्हणाली होती. अजून थांबलीय. खूप भूक लागली असेल तिला."

तेव्हा सलोमीनं रडत रडत तो घास खाल्ला.

त्यानंतर इथं बायका-पुरुषांच्या बाजू राहिल्या नाहीत. कोण कुठल्या जातीचं, कुणाचं कुणाशी लग्न झालंय किंवा नाही झालं, काय नेसलंय, हे कठड्याशी कुणी विचारत नाही. आजही वाटप मधूनच सुरू होतं. आजही पिंपळझरीतल्या आया भाकर मिळाल्या मिळाल्या तोंडात घालत नाहीत. हातावर धरून थांबतात, आपल्या लेकरांचे घास होईपर्यंत. पाळकांनाही ते ठाऊक आहे, ते घाई करत नाहीत. काहीजणी तर शेवटच्या गीतापर्यंत तशाच बसतात, भाकर हातात आणि नजर दाराकडे. त्यांची लेकरं अजून आलेली नाहीत.

त्या बाजूला, खिडकीपाशी, मीही तशीच बसते.