क्रँकच्या अंगावर ओरखडा नाही

नवा ट्रॅक्टर आला की गाव त्याला वेशीवर ओवाळायचं, त्या काळातला एक ट्रॅक्टर म्हातारा झाला. इसाक मिस्त्रीने त्याचं इंजिन खोलून भाग डिझेलने धुतले आणि गोणपाटावर मांडले.

इंजिनात गरगर फिरणारा जाडजूड पोलादी दांडा, म्हणजे क्रँक, त्याला वेढून बसणाऱ्या शेजारच्या पातळ बेअरिंगला हसला. "जन्मभर एकमेकांना घासलो. तू झिजलंस, मी जसाच्या तसा! मऊ धातूचं ना तू!"

मिस्त्रीने क्रँकवरून नख फिरवलं. कुठेच अडकलं नाही. "हा परत बसवायचा," म्हणत त्याने बेअरिंग भंगारात टाकलं.

भंगारातून बेअरिंग ठणकावून म्हणालं, "क्रँकदादा, मला मुद्दाम मऊ घडवलं. दोघांपैकी एकाला झिजायचंच होतं. तुझ्या अंगावर ओरखडा नाही ना? तीच माझी कमाई!"

नवं बेअरिंग शेजारी बसायला आलं, तेव्हा क्रँकने आधी रामराम घातला.