नळाचं तिसरं उद्घाटन

वाकळगावच्या नगराध्यक्षांना फीत कापायचा भारी सोस. कुंभारआळीतल्या एकाच कोरड्या नळाचं त्यांनी तिसऱ्यांदा उद्घाटन केलं. दर खेपेला फक्त नळाचा रंग नवा. भाषणात म्हणाले, "आळीत गंगा आली."

नगरपरिषदेच्या कागदावर ती कधीचीच आली होती. म्हणून टँकर बंद, आणि तक्रारही कुणी घेईना. मैलभरावरून घागरी वाहून गोजराकाकू मेटाकुटीला आल्या होत्या. त्या गर्दीतून उठल्या. नळाची तोटी फिरवून त्यांनी खाली तांब्या धरला, पदराने पुसला आणि अदबीने पुढे केला.

"साहेब, पहिला घोट तुमचा."

नगराध्यक्ष आत डोकावले आणि हळूच म्हणाले, "काकू, यात पाणी नाही."

"तेवढं माइकवर सांगा, साहेब. तीन वर्षं आम्ही सांगतोय, कुणाला पटतच नाही."