उंबरधोंडीचा बिनशिंगांचा बैल

हात जोडू नका, नंदी नाही तो. साधा कष्टाचा बैल आहे. शिंगं मोडलेली नाहीत, घडवलीच नव्हती. सगळा दगड खडबडीत आणि खांदा तेवढा हात लागून लागून गुळगुळीत. लावा हात, लाजता काय!

सांगतात, पूर्वी या गावात माणसाची पत बैलावरून ठरायची. पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून ज्याचा बैल पहिला जाईल, तो गावात पहिला. तो मान आमच्या, म्हणजे पाटलांच्या घराचा. एका वर्षी देशमुख अडून बसले. त्यांची जोडी उंच, शिंगांना चांदीच्या शेंब्या. बोलाचाली वाढली, काठ्या निघाल्या. आमचे पूर्वज रंगराव पाटील, त्यांचा पोरगा तर कुऱ्हाड घेऊनच उभा राहिला म्हणे. आता मुडदे पडणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

तेव्हा रंगराव पुढे झाले. "झुली काढा सगळ्यांच्या. गयाआत्या हात ठेवील तो पहिला."

गयाआत्या म्हणजे गावातली सर्वांत म्हातारी बाई, डोळ्यांनी अधू. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात ना, त्यात तिची हयात गेलेली. अहो, पिढ्यांचा मान त्यांनी तिच्या हातावर सोडला! छाती लागते त्याला.

आत्यानं देशमुखांच्या बैलाचा खांदा चाचपला, मग आमच्या बैलाचा. "अगं बाई, लोणीच की! यांना जू माहीत तरी आहे का?"

लोक हसले. रंगरावांचे कान लाल झाले, पण ते हलले नाहीत.

चाचपत चाचपत ती पार शेवटाला गेली. तिथं भिवाचा एकुलता बैल उभा होता, काजळ्या. भिवा गावकुसाबाहेरचा. ज्याची पेरणी अडेल तो काजळ्याला मागून न्यायचा. त्याच्या खांद्यावरच्या घट्ट्याला हात लागला आणि आत्या रडायलाच लागली. "लेकरा, सगळ्या गावाचं ओढलंस की रे."

पोरानं कुऱ्हाड सावरली. रंगरावांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आपल्या बैलाची झूल उचलली आणि काजळ्याच्या पाठीवर टाकली.

भिवा मागं सरत म्हणाला, "मालक, नको. आमचं मागंच बरं हाय."

"मान तुझ्या बैलाचा, भिवा. तू शेजारी चाल. मी नुसता कासरा धरतो."

असे ते दोघे तोरणाखालून गेले. भिवा त्या वेशीतून सगळ्यांच्या पुढे पहिल्यांदाच चालत होता. मागून देशमुखही मुकाट आले. काजळ्या गेल्यावर रंगरावांनीच हा दगड घडवून घेतला. पाथरवटाला म्हणाले, शिंगं नकोत, लोक परत तीच बघतील.

आजही पोळ्याला झुली उतरतात आणि गावातली सर्वांत म्हातारी बाई खांदे चाचपते. आमच्या घराला पहिला मान परत कधी मिळाला नाही. आता तर दारात ट्रॅक्टर आहे, त्याला खांदा कुठून आणू? पण पहिला बैल कोणाचाही ठरो, कासरा मीच धरतो. तो मान मात्र आमचा. कोणी मागून बघावा, देणार नाही.